दुसऱ्याचा लिलाव

आमच्या भागात विहिरीत सोडलेल्या पाइपच्या बुडाला जी झडप असते, तिला शेतकरी फुटबॉल म्हणतात. खरं नाव फूट व्हॉल्व्ह, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. इंजिन बंद केल्यावर पाइपातलं पाणी परत विहिरीत जाऊ नये म्हणून ती झडप. त्यामुळं लहानपणी मला दोन फुटबॉल माहीत होते, एक विहिरीतला आणि एक कोल्हापुरातला. या लेखात दोन्ही येणार आहेत.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवी ते दहावी मी कोल्हापुरात मामाकडं राहिलो. मामाचं घर पेठेत आणि घरापासून चार पावलांवर तालीम. बाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागतं की तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पण कोल्हापुरात त्याच तालमींचे फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही संघांची नावं आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की तो दोन पेठांचा सामना असतो. ज्या दिवशी सामना, त्या दिवशी आमची मामी विरोधी पेठेतल्या दुकानातनं मीठसुद्धा आणायची नाही. तिनं आयुष्यात एकही सामना बघितला नव्हता. पण निकाल तिला आधी लागायचा.

दहावी झाली आणि वडील वारले. मी गावाकडं आलो तो शेतात उतरलो. तरी फुटबॉल सुटला नाही. शहरात दूध घालायला जायचो, सामना असला की किटल्या मामाकडं ठेवून स्टेडियम गाठायचो. आता दूध डेअरीत जातं आणि स्टेडियमला मला नातू मोटरसायकलवरनं नेतो. संघ तोच आणि विरोधी संघही तोच. दोन्हींची नावं मी लिहीत नाही. कारण पुढं जे येणार आहे ते कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं, आणि मला पेठेत अजून पाहुणचाराला जायचं आहे.

दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्या विरोधी संघानं त्या हंगामात पाण्यासारखा पैसा ओतला होता. कोल्हापुरात बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडू येऊन खेळतात हे नवीन नाही. पण त्यांनी एकदम इतके आणले की आम्ही मोजायचं सोडून दिलं. त्यांचं मानधन, राहायची खोली, दोन वेळचं जेवण, सगळं एका देणगीदाराच्या जिवावर. त्या संघानं आम्हाला लागोपाठ हरवलं. मग हंगाम संपायच्या आतच त्या देणगीदारानं हात काढून घेतला. खेळाडू निघून गेले. उधाऱ्या तेवढ्या राहिल्या.

ही बातमी आमच्या गावात एस.टी. स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर पोचली तेव्हा मी तिथंच होतो. नातू होता, त्याची चार-पाच पोरं होती. सणासारखा आनंद झाला. एकजण म्हणाला, "आता चड्ड्या शिवायलाबी पैसं न्हाईत त्यास्नी." दुसरा म्हणाला, "खानावळवाल्या मावशीनं गोलकीपरची बॅग ठेवून घेतली म्हणं. जेवणाचं बिल द्या आन् मग बॅग न्या." यावर गाडा हलेल इतकं हसू झालं. नातवानं सगळ्यांना चहा सांगितला. मीसुद्धा हसलो. खोटं कशाला सांगू, त्यांनी आम्हाला हरवलेलं मी विसरलो नव्हतो. हसताना मला फार बरं वाटलं.

नातू म्हणाला, "आबा, हे कायच न्हाई. तिकडं स्कॉटलंडला तर याच्याहून मोठं झालंय." आणि त्यानं मोबाईलवर काढून मला ते सगळं वाचून दाखवलं. मला ते इतकं ओळखीचं वाटलं की घरी आल्यावर मी वहीत उतरवून ठेवलं.

ग्लासगो नावाचं शहर आहे. तिथं दोन मोठे क्लब, रेंजर्स आणि सेल्टिक. रेंजर्स १८७२ सालचा आणि सेल्टिक १८८७ सालचा. रेंजर्सवाले प्रॉटेस्टंट आणि सेल्टिकवाले आयर्लंडहून आलेले कॅथलिक, अशी वाटणी झालेली. दोघांचं वैर असं की आमच्या पेठा त्यांच्यापुढं सोयरे वाटाव्यात. गंमत म्हणजे सेल्टिकनं १८८८ साली पहिला सामना खेळला तो रेंजर्सशीच, आणि तो झाल्यावर दोन्ही संघ एकत्र जेवले होते. जेवण विसरलं गेलं आणि वैर तेवढं राहिलं.

तर २०११ साली रेंजर्स क्लब एका पौंडाला विकला गेला. एक पौंड म्हणजे त्या वेळचे सत्तर-ऐंशी रुपये. एवढा मोठा क्लब इतक्या स्वस्तात जातो याचा अर्थ त्याच्यामागं कर्ज असतं. बँकेचं १८ दशलक्ष पौंडांचं कर्ज होतं. नव्या मालकानं ते फेडलं, पण कशातनं? पुढच्या हंगामांची तिकिटं आधीच एका कंपनीला विकून. हे वाचताना मी नातवाला थांबवलं. म्हटलं, "अरे, ही उचल झाली." आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या हंगामाआधी उचल घेतात आणि मग सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. पुढच्या वर्षीचं पीक ज्यानं यंदा खाल्लं, त्याच्या रानात पुढच्या वर्षी पेरायला काय राहतं? रेंजर्सनं तर खेळाडूंच्या पगारातनं कापलेला करही सरकारात भरला नाही. १४ फेब्रुवारी २०१२ ला क्लबाचा कारभार प्रशासकाकडं गेला. जूनमध्ये सरकारच्या कर खात्यानं तडजोड नाकारली. कंपनी बुडीत निघाली. मैदान, नाव, सामानसुमान साडेपाच दशलक्ष पौंडांना दुसऱ्या कंपनीनं घेतलं. आणि इतका मोठा संघ चौथ्या पायरीवर, अगदी खालच्या विभागात खेळायला लागला.

सेल्टिकच्या लोकांनी काय केलं? जेली आणि आइस्क्रीम खाऊ अशी गाणी म्हटली. तिकडं लहान पोरांच्या वाढदिवसाला जेली-आइस्क्रीम असतं. म्हणजे आपल्याकडं पेढे वाटण्यातलाच प्रकार.

नातवाला एवढंच सांगायचं होतं की सगळीकडं असंच असतं. पण त्याच बातमीत पुढं होतं की ज्यांचे पैसे बुडाले त्यांत नुसतं सरकार नव्हतं, लहान-लहान माणसं होती. लहान पोरांचे चेहरे रंगवणाऱ्या एका बाईचे चाळीस पौंड यायचे होते. ते ऐकलं आणि मला आमची खानावळवाली मावशी आठवली. गाड्यावर आम्ही हसलो होतो ते गोलकीपरला, असं मला वाटलं होतं. पण बिल तर त्या मावशीचं बुडालं होतं. भाकरी तिनं थापल्या, गॅस तिनं आणला. बॅग ठेवून घेऊन ती करणार काय? तिच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.

मी हे बोललो तसा नातू चिडला. म्हणाला, "आबा, पण ते उसन्या पैशावर आमास्नी हरवत होते. त्यांच्याकडं नसलेल्या पैशाचा स्ट्रायकर आणून आमच्यावर गोल मारले. मग ती ट्रॉफी कुणाची? आम्ही हसायचं न्हाई तर काय रडायचं?"

त्याचं बोलणं बरोबर आहे हे मी आधीच कबूल करतो. तो मुद्दा मला अजून पुरता सोडवता आलेला नाही. जो ऐपतीबाहेर खर्च करून जिंकतो, तो प्रामाणिकपणे खेळणाऱ्याचं काहीतरी चोरतोच. त्याला शिक्षा व्हावी. रेंजर्सचे आधी दहा गुण कापले आणि मग खाली ढकललं, ते योग्यच झालं. पण शिक्षा देणं वेगळं आणि पेढे वाटणं वेगळं. न्यायाधीश सक्तमजुरी सुनावतो, पण सुनावल्यावर कोर्टात पेढे वाटत नाही. वाटले तर त्यानं दिलेला निकाल खरा होता की त्याचं काही जुनं वैर होतं, असा संशय येईल.

हे मी न्यायाधीशासारखं बोलतोय, पण मला हे कळलं ते शहाणपणानं नाही. माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे. ती मी घरात कधी बोललो नव्हतो. त्या रात्री नातवाला सांगितली, ती इथंही सांगतो.

माझ्या रानाला लागून माझ्या चुलतभावाचं रान. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. भाऊबंदकी म्हटली की कोर्टकचेरी आठवते, तशी आमच्यात नव्हती. आमची ईर्षा होती. बेंदराला कुणाची बैलं आधी सजून निघतात, कुणाचा ऊस एकरी किती टन पडतो. त्याचा पन्नास पडला की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. पुढच्या वर्षी मी सरीत शेणखताची एक गाडी जास्त टाकायचो. तो बांधावर उभा राहून बघायचा आणि म्हणायचा, "घाल, घाल. मी दोन घालतो."

अण्णानं कर्ज काढून विहीर खोदली आणि पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणलं. विहिरीला काळा पाषाण लागला. पाणी लागलं, पण उन्हाळ्यात तासाभरात उपसा संपायचा. हप्ते थकले. अण्णानं बैल विकले, एक हप्ता भरला, पुन्हा थकला. त्या वर्षी माझा ऊस चांगला होता. मला मनातनं काय वाटत होतं? मला बरं वाटत होतं. कुणाला बोललो नाही, पण त्याच्या वाळलेल्या रानाकडं बघत मी माझ्या बांधावर उगीच जास्त वेळ बसायचो.

मग बँकेची जीप आली. इंजिनाचा लिलाव चावडीपुढं. आमच्या गावात एक रीत होती. कुणी ठरवलेली नव्हती, लिहिलेली नव्हती. गावातल्या माणसाच्या लिलावात गावातल्यानं बोली लावायची नाही. सगळी माणसं येऊन उभी राहायची, पण तोंड उघडायची नाहीत. बोलीच झाली नाही की साहेब कागदावर तसं लिहून परत जायचा, आणि अडचणीतल्या माणसाला चार-सहा महिने मिळायचे. तेवढ्यात एखादं पीक निघायचं.

त्या दिवशीही सगळे गप्प उभे होते. साहेबानं दोनदा पुकारा केला. तिसऱ्यांदा केला तसं मी बोललो. चौदाशे.

कुणीच वर बोली केली नाही. करणार कोण? इंजिन चार हजाराचं तरी होतं. ते मला चौदाशेला मिळालं. मी स्वतःला सांगितलं की बाहेरचा कुणी नेण्यापेक्षा घरात राहिलेलं बरं. हे मी पुढं कैक वर्षं सांगत होतो. पण बाहेरचा कुणी आलेलाच नव्हता. सगळी गावातली माणसं होती आणि त्यांतला एकटा मी बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजिन माझ्या विहिरीवर बसवत होतो. अण्णा बांध ओलांडून आला. मला वाटलं, आता हा भांडणार. मी पाना हातात घट्ट धरला. अण्णा इंजिनाजवळ बसला, त्याच्यावरनं हात फिरवला आणि म्हणाला, "हँडल मारताना वरची कळ सोडायची घाई करू नको. उलटा झटका बसतोय. माझं मनगट गेलं हुतं. आन् फुटबॉल गळतोय, त्याचं चामडं बदल. न्हाईतर रोज पाइपात पाणी भरत बसशील."

एवढं बोलून तो गेला. महिन्याभरात तो इचलकरंजीला यंत्रमागावर रात्रपाळीला लागला. रान खंडानं दिलं. मी फुटबॉलचं चामडं बदललं. कळ सावकाश सोडायला शिकलो. इंजिन उत्तम चाललं. ज्या माणसाकडनं मी ते हिसकावून घेतलं, त्यानंच मला ते चालवायला शिकवलं. हे मनातनं जात नाही.

पुढं आणखी एक गोष्ट झाली. शेजारचं रान खंडकऱ्याचं झालं आणि माझा ऊस घटायला लागला. मी कुणाला दाखवायला खताची जादा गाडी टाकणार? अठ्ठेचाळीसचा चाळीस झाला. रेंजर्स खाली गेल्यावर सेल्टिकचंही तसंच झालं म्हणतात. त्यांनी लागोपाठ नऊ वेळा लीग जिंकली, पण चार हंगाम लीगमध्ये समोर रेंजर्स नव्हता आणि स्टेडियमात रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या. उलट रेंजर्सचा चौथ्या पायरीवरचा एक सामना बघायला ४९ हजार माणसं आली. २०१६ ला ते वरच्या लीगमध्ये परत आले आणि २०२१ ला त्यांनीच सेल्टिकची दहावी लीग रोखली.

पण इथं मला जपून बोलायला हवं. शेजारी असला की आपला ऊस वाढतो, म्हणून शेजारी जगावा, हा विचार खरा असला तरी तोकडा आहे. त्यात पुन्हा माझाच फायदा आला. जर्मनीत बायर्न म्युनिक नावाचा बलाढ्य क्लब आहे. त्याचा प्रतिस्पर्धी डॉर्टमुंड वीस वर्षांमागं बुडायला आला होता, तेव्हा बायर्ननं त्याला खेळाडूंच्या पगारासाठी २० लाख युरो उसने दिले. ही गोष्ट बरीच वर्षं बाहेर आली नव्हती, २०१२ साली कळली. कुणी म्हणेल, बायर्नला सामन्यांची गर्दी टिकवायची होती. असेलही. पण मदत करून वर्षानुवर्षं गप्प बसणं मला आवडलं. मी चौदाशेची बोली सगळ्या गावापुढं केली होती.

तर मग हसण्यात चूक कुठं आहे? मी यावर पुष्कळ विचार केला. समोरचा हरल्यावर हसणं यात काही पाप नाही असं मला वाटतं. मैदानात आम्ही हसतो, पुढच्या सामन्यात ते हसतात. ती उसनवारी आहे. आज दिलं, उद्या परत येतं. अण्णाचा ऊस कमी पडल्यावर मी हसायचो, आणि माझा कमी पडला की तो दोन दिवस बांधावरनं हलायचा नाही. त्यात गोडी होती. पण समोरच्याचा लिलाव झाला आणि तरी आपण हसलो, तर त्या हसण्याची परतफेड करायला तो उरतच नाही. तो इचलकरंजीला रात्रपाळीला गेलेला असतो. ज्याची परतफेड करायची संधी समोरच्याला नाही, ते हसू उसनवारीचं राहत नाही. ती लूट होते. माझी बोली आणि माझं हसू, दोन्ही एकाच जातीचं होतं. गाड्यावर हसणाऱ्या पोरांना लिलावात बोली लावायची संधी मिळाली नव्हती, एवढाच फरक.

दुसरं म्हणजे, हसणारा माणूस मोजत नाही. आम्ही खानावळवाल्या मावशीला मोजलं नाही. आणि आम्ही आमचा स्वतःचा हिशेबही मोजला नव्हता. मी नातवाला विचारलं, "आपल्या तालमीचा पैसा कुठनं येतोय रे?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "एक दादा हाईत. तेच बघत्यात सगळं." मी म्हटलं, "आन् ते दादा उद्या म्हणाले, आता जमत न्हाई, मग?" त्यानं उत्तर दिलं नाही. त्याला उत्तर माहीत होतं.

इंजिन अजून माझ्या गोठ्याच्या कोपऱ्यात आहे. विहिरीवर वीज आली, मोटर बसली, इंजिन बंद पडलं. अण्णा म्हातारपणी गावात परत आला तेव्हा मी त्याच्याकडं गेलो. म्हटलं, "अण्णा, तुझं इंजिन घेऊन जा." तो हसला. म्हणाला, "आता वीज आली गड्या. इंजिनाचं काय करू?" त्याच्या मनात काही नव्हतं. पण मला ते उत्तर लागलं. परत द्यायची वेळ असते, ती गेली की वस्तू असून उपयोग नसतो. अण्णा आता नाही. नातू दर दिवाळीला विचारतो, "आबा, हे भंगार घालू का?" मी नको म्हणतो. का ते त्याला त्या रात्री कळलं.

मागच्या हंगामाआधी त्या विरोधी संघाची दोन माणसं पावतीपुस्तक घेऊन आमच्या गावात आली. त्यांच्या पेठेतल्या कुणाचे तरी पाहुणे आमच्या गावात आहेत, त्यांच्याकडं आली होती. संघ पुन्हा उभा करायचा म्हणाले, पेठेतलीच पोरं घेऊन. बाहेरचं कुणी नाही. मी त्यांना घरी बोलावलं. आधी विचारलं, "खानावळीचं बिल भागलं का?" ती दोघं एकमेकांकडं बघायला लागली. मग एकजण म्हणाला, "निम्मं भागलंय. राहिलेलं पहिल्यांदा तेच द्यायचं ठरलंय." मी पाचशे एक रुपयांची पावती फाडली. खरं सांगतो की खोटं हे मी तपासायला गेलो नाही. पण विचारलं तेव्हा त्याचं तोंड पडलं होतं, तेवढं मला पुरलं.

ती माणसं गेल्यावर नातू आतनं बाहेर आला. त्यानं पावती बघितली. "आबा, त्यास्नी पैसं दिलंसा?"

"व्हय."

"आन् त्यांनी आपल्यावरच गोल मारला तर?"

"मारू दे की. मैदानात मारतील. आपणबी मारू."

तो जरा वेळ पावती हातात धरून उभा राहिला. त्याचा राग गेला नव्हता. उसन्या पैशावर जिंकलेल्या ट्रॉफीचं उत्तर मी त्याला अजून दिलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात होतं आणि माझ्याही. शेवटी पावती माझ्या वहीत ठेवत तो म्हणाला, "तालमीत कुणाला सांगू नका बघा."

मी म्हटलं, नाही सांगत. आता हे छापून आलं म्हणजे कळेलच.